रात्रीचा रस्ता आणि रानचे जनावर



या अंकात आडसाली लागणीच्या बाळबांधणीविषयी लिहावे, असे ठरले होते. खताचे हप्ते, पाण्याच्या पाळ्या, मजकूर सगळा तयार होता. परंतु गळीत हंगाम तोंडावर आला आहे. आठ-पंधरा दिवसांत टोळ्या उतरतील, ट्रॅक्टर रस्त्याला लागतील, आणि पहिल्या पंधरवड्यातच कुणीतरी गट कार्यालयात येऊन सांगेल, "साहेब, काल रात्री वाघरू आडवं आलं. थोडक्यात वाचलो." दरवर्षी आम्ही हे ऐकतो, "जपून जा रे बाबा" म्हणतो आणि पुन्हा तोडणीच्या कार्यक्रमात डोके घालतो. यंदा म्हटले, बाळबांधणी पुढच्या अंकात. आधी हे.

दुसरेही एक कारण आहे. हा विषय आमच्या स्वतःच्या अंगावर बेतलेला आहे. सांगायला लाज वाटते, पण शेतकी खात्यात इतकी वर्षे काढल्यावर एक कळले आहे. माणूस दुसऱ्याच्या पिकाच्या यशापेक्षा दुसऱ्याच्या चुकीवरून लवकर शिकतो. म्हणून आमची चूक आधी सांगतो.

चंदनसारहून निघालेली पहाट

आमची धाकटी बहीण विरारजवळ चंदनसारला दिली आहे. तीन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात भाचीच्या साखरपुड्याला आम्ही तिकडे गेलो होतो. कार्यक्रम चांगला झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला कारखान्यावर ऊस तोडणीची बैठक होती. बहीण म्हणाली, "दादा, उजाडल्यावर निघ. चहा घे, मग जा." आम्ही ऐकले नाही. पहाटे चारला निघालो. गाडी भाचा चालवत होता. बावीस वर्षांचा पोरगा, पोलीस भरतीची तयारी करणारा, रोज पहाटे पळणारा. मामाला पोचवून संध्याकाळी परत येतो म्हणाला.

ज्यांनी तो भाग पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. चंदनसार आज वसई-विरार महानगरपालिकेत आहे. चाळी, इमारती, दुकाने, सगळे शहरच. पण पूर्वेला मान वळवली की डोंगर. तुंगारेश्वरचे जंगल तिथून दूर नाही. २००३ साली ते अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र सुमारे ८५ चौरस किलोमीटर. त्याच्या एका अंगाने मुंबई-अहमदाबाद महामार्ग जातो, दक्षिणेच्या अंगाने चिंचोटी-कामण-भिवंडी रस्ता. आपल्याकडे यायचे तर हाच रस्ता धरून भिवंडी, कल्याण, मुरबाड आणि मग माळशेज घाट.

चिंचोटीला वळलो. थंडी होती, धुके नव्हते, रस्ता मोकळा. काटा साठाच्या आसपास. एका वळणानंतर भाचा म्हणाला, "मामा, डावीकडं डोळे चमकतायत बघा."

आम्ही अर्धवट झोपेत. म्हणालो, "कुत्रं असंल रे. चल तू."

हीच ती चूक. कुत्रे नव्हते. रानडुकरांचा कळप होता. पहिले डुक्कर रस्ता ओलांडून गेले. भाच्याने वेग थोडा कमी केला आणि ते गेले म्हणून पुन्हा पाय दाबला. मागून दुसरे आले, चांगला मोठा सुळेवाला नर. पोराने चाक वळवले. धडक तर चुकली नाहीच, वर गाडी कडेच्या चरात गेली. आमच्या कपाळाला खोक पडली, भाच्याला काही झाले नव्हते. इथपर्यंत नशीब आमच्या बाजूने होते.

पुढे जे केले ते आमच्या मूर्खपणाने केले. डुक्कर रस्त्यावर निपचित पडले होते. आम्ही भाच्याला म्हणालो, "मेलंय का बघ, नाहीतर मागच्या गाड्या धडकतील." तो मोबाईलची बॅटरी लावून जवळ गेला. दोन मोटारसायकलवाले थांबले होते, तेही पुढे झाले. एकाने तर विचारले, "मामा, पोतं आहे का गाडीत?" तेवढ्यात ते जनावर उठले आणि समोर जो होता त्याच्यावर गेले. सुळा भाच्याच्या पिंढरीत घुसला. मग ते झाडीत दिसेनासे झाले.

पोटरी आरपार फाटली होती. टाके पडले, इंजेक्शने झाली, जखम भरली. पण त्या वर्षीच्या भरतीत सोळाशे मीटर धावायला पोरगा उभा राहू शकला नाही. दवाखान्यात चौकशीला आलेल्या वनरक्षकाने सगळे ऐकून घेतले आणि एवढेच म्हटले, "साहेब, गाडीत बसून फोन लावला असता तर हे झालं नसतं." त्याच्यापुढे आम्ही काय बोलणार?

आपल्याकडून तिकडे गेलेला 'आजोबा'

या रस्त्याची आणि आपल्या भागाची एक जुनी गाठ आहे. ती पुष्कळ सभासदांना ठाऊक नसेल.

२००९ साली पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे एक बिबट्या विहिरीत पडला. तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा. टाकळी ढोकेश्वर म्हणजे आपल्या नगर-कल्याण रस्त्यावरचे गाव. वनखात्याने त्याला बाहेर काढले. बिबट्यांचा अभ्यास करणाऱ्या विद्या अत्रेय यांच्या चमूने त्याच्या गळ्यात उपग्रहाशी जोडलेला पट्टा घातला, कातडीखाली ओळखीची चिप बसवली आणि त्याला माळशेज घाटात सोडले. वयस्कर आणि शांत दिसला म्हणून त्याचे नाव पडले 'आजोबा'.

आजोबा घाटात राहिला नाही. तो पश्चिमेला चालू लागला. मुंबई-आग्रा रस्ता ओलांडला. कसाऱ्याजवळ रेल्वेमार्ग ओलांडला. वसईच्या औद्योगिक भागाजवळून गेला, खाडी ओलांडली आणि साधारण महिनाभरात सव्वाशे किलोमीटरच्या आसपास मजल मारून बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोचला. एवढ्या वाटेत त्याने माणसाला हात लावल्याची नोंद नाही. दिवसा लपायचे, रात्री चालायचे.

पुढे २०११ साली मुंबईजवळ हमरस्त्यावर एका वाहनाच्या धडकेने एक बिबट्या मेला. अंगातली चिप तपासली तेव्हा कळले, हा तर आजोबा. विहिरीतून वाचला, घाट उतरला, रेल्वे ओलांडली, खाडी पार केली. शेवटी रस्त्याने नेले. त्याच्यावर २०१४ साली चित्रपटही निघाला.

तो एकटाच नव्हता. संजय गांधी उद्यानातील काही बिबट्यांना २०२१ साली असेच पट्टे घातले गेले. त्यांतला 'महाराजा' नावाचा नर चिंचोटी-भिवंडी रस्ता आणि वसई-दिवा रेल्वेमार्ग ओलांडून जात असल्याचे दिसून आले. म्हणजे ज्या रस्त्यावर आम्ही डुलक्या घेत होतो, तो रस्ता रात्री रानच्या जनावरांचाही आहे. २०२४ च्या मार्च-एप्रिलमध्ये तर थेट वसई किल्ल्याच्या परिसरात बिबट्या वावरत होता. तीन आठवड्यांहून अधिक काळानंतर तो पिंजऱ्यात आला.

उसातले बिऱ्हाड

चंदनसारला जंगल डोंगरावर आहे. आपल्याकडे ते आपणच लावले आहे. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने उभा राहतो. आत गारवा, पाणी, आडोसा. बाहेर कुत्री, डुकरे, शेळ्या. बिबट्याला आणखी काय पाहिजे? अकोले तालुक्यात झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले. जंगल जवळजवळ नाही, शेती आणि वस्ती असा तो टापू. त्यांच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा गावातल्या कुत्र्यांचा निघाला. जुन्नर भागातले बिबट्याचे प्रश्न तर सर्वांना माहीत आहेत. माणिकडोहचे निवारा केंद्र त्यासाठीच आहे.

तोड सुरू झाली की हे बिऱ्हाड उठते. आज या फडात, उद्या त्या फडात. मादीबरोबर पिल्ले असतात. हे सगळे हलणे बहुधा अंधारात होते, आणि नेमकी तेव्हाच आपली वाहतूक जोरात असते. त्यात शेतीची वीज रात्रीची. पाळी आली की गडी रात्री दोनला मोटारसायकल काढून मोटर चालू करायला निघतो, डोक्याला मफलर, हातात मोबाईल. दिवसा वीज मिळावी ही मागणी आपण कितीदा केली असेल! २०१७ पासून सौर कृषी वाहिनीची योजना आली, काही ठिकाणी फरकही पडला. पण जोवर तुमच्या वाट्याला रात्रीची पाळी आहे तोवर जपणे तुमच्याच हाती.

बिबट्याचे वजन साधारण पन्नास-साठ किलो. मोटारसायकलला तेवढे पुरेसे आहे. कोल्हापूरकडच्या कारखान्यांच्या सभासदांची गोष्ट आणखी अवघड. राधानगरी-दाजीपूरच्या रानातून गवे उसात उतरतात. पूर्ण वाढलेला नर गवा आठशे-हजार किलोंपर्यंत भरतो. त्याला जीप धडकली तर ती भिंतीला धडकल्यासारखीच. सांबर, नीलगाय, रानडुक्कर ही त्यामधली माप.

तीस सऱ्यांचा हिशेब

"ब्रेक मारला होता साहेब, तरी थांबली नाही," असे सगळे म्हणतात. थांबणार कशी? हिशेब करून पाहा.

ताशी साठच्या वेगाने गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटर जाते. जनावर दिसले, डोक्यात शिरले, पाय ब्रेकवर गेला, यात सावध माणसाचासुद्धा सेकंद-दीड सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागण्याआधीच पंचवीस मीटर गेले. पुढे कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी वीस मीटर. एकूण पंचेचाळीस मीटर, म्हणजे दीडशे फूट. आपल्या भाषेत पाच फुटी पट्ट्याच्या तीस सऱ्या!

वेग चाळीस असेल तर हेच अंतर सुमारे सतरा सऱ्यांवर येते. ऐंशी असेल तर पंचेचाळीसच्या पुढे जाते. आणि गाडीच्या खालच्या झोतात नीट दिसते किती? साधारण तीस-चाळीस मीटर. म्हणजे साठने जाणारा माणूस दिसते त्याच्या पुढे धावत असतो. रात्री उसाच्या टापूत चाळीसच्या आत राहा, हे आम्ही उगाच सांगत नाही. हा हिशेब कोरड्या रस्त्याचा आणि चांगल्या टायरचा आहे. रस्त्यावर पाचट, माती किंवा मळीचा ओलावा असला तर सऱ्या आणखी वाढवा.

गाडी चालवताना

आता नेमके काय करायचे ते सांगतो. हे घरातल्या प्रत्येक वाहन चालवणाऱ्याला वाचून दाखवावे.

१) वेळ ओळखा. दिवस मावळल्यानंतरचे दोन-तीन तास आणि पहाट, या वेळी जनावरे सर्वांत जास्त हलतात. काम असेल तर जाच, पण घाई ठेवून जाऊ नका. आमच्या बहिणीचा चहा घेतला असता तर आज हा लेख लिहावा लागला नसता.

२) जागा ओळखा. दोन्ही बाजूंना ऊस, ओढ्याचा पूल, चारी ओलांडण्याची जागा, झाडीतले वळण, कोंबड्यांच्या शेडजवळचा रस्ता. अशा ठिकाणी आधीच पाय सैल करा.

३) डोळ्यांची चमक शोधा. रात्री हिंडणाऱ्या बहुतेक जनावरांच्या डोळ्यांत मागे चमकणारा पडदा असतो, त्यावर उजेड पडला की डोळे पेटल्यासारखे दिसतात. चमक दिसली की कुत्रे की वाघरू याचा विचार नंतर. आधी वेग कमी.

४) मोकळ्या रस्त्यावर मोठा झोत ठेवा, म्हणजे लांबचे दिसते. पण जनावर दिसताच झोत खाली घ्या. डोळ्यांवर सारखा प्रकाश पडला की ते दिपते आणि जागच्या जागी उभे राहते. तिकडून पळत नाही, इकडे येत नाही.

५) एक गेले म्हणून निघू नका. डुकरे, हरणे कळपाने असतात, बिबट्याच्या मादीमागे पिल्ले असतात. थांबा, वीस-तीस आकडे मोजा, मग हळू निघा. आमच्या भाच्याने आणि आम्ही हेच केले नाही.

६) ब्रेक सरळ रेषेत मारा, चाक वळवू नका. हे मनाला पटत नाही, पण अशा वेळी माणूस मरतो तो पुष्कळदा जनावराच्या धडकेने नव्हे. तो मरतो झाडावर, चरात किंवा समोरच्या ट्रकवर गेल्याने. पट्टा बांधलेला असू द्या, मागे बसणाऱ्यांचासुद्धा.

७) मोटारसायकलवाल्याने हेल्मेट घालावे आणि शक्यतो दोघांनी मिळून जावे. वाघरू रस्त्यात बसलेले दिसले तर लांबूनच थांबा. गाडी चालूच ठेवा, दिवा लावलेला असू द्या, हॉर्न एकदा-दोनदा वाजवा आणि त्याला जायला वाट द्या. अंगावर गाडी घालून हुसकावू नका. पळू नका, खाली वाकू नका.

८) गवा असेल तर हॉर्नही नको, दिव्यांची उघडझापही नको. गाडी मागे ठेवून वाट पाहा. तो बिथरला तर गाडीचा टिकाव लागत नाही.

ट्रॅक्टर, ट्रॉली आणि बैलगाडी

ट्रॅक्टरला दोन ब्रेक असतात, डावा आणि उजवा. शेतात वळताना ते वेगवेगळे लागतात म्हणून त्यांची जोडपट्टी सोडलेली असते, आणि पुष्कळ चालक तशीच सोडून रस्त्यावर येतात. अचानक काही आडवे आले, घाईत एकाच पायदानावर पाय पडला, की ट्रॅक्टर एका अंगाला ओढतो आणि मागच्या ट्रॉल्यांसह आडवा होतो. रस्त्यावर येण्याआधी ही पट्टी अडकवलीच पाहिजे. टोळीच्या मुकादमानेही रोज पाहावे.

भरलेल्या दोन ट्रॉल्या मागे असताना तीस सऱ्यांत थांबायचा हिशेब विसरा. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नसला तर ती मागून ढकलतच राहते. उतारावर गिअर काढून गाडी सोडणे म्हणजे डिझेल वाचवून जीव घालवणे. गाण्याचा मोठा आवाजही बंद ठेवा. मागच्या गाडीचा हॉर्न आणि कडेची सळसळ दोन्ही ऐकू आली पाहिजेत.

मागे लाल परावर्तक, बैलगाडीच्या साट्याला आणि बैलांच्या शिंगांनासुद्धा चमकती पट्टी, बाहेर आलेली वाढे आत बांधलेली, हे सर्व दरवर्षी सांगतो, याही वर्षी सांगतो. जनावर आडवे आले म्हणून पुढचा थांबतो तेव्हा मागच्याला तो दिसला पाहिजे. बैलांना वाघराचा वास आधी येतो. बैल अडले, कान टवकारले तर चाबूक मारू नका. त्यांचे ऐका.

रस्त्याकडेच्या फडाबद्दल दोन गोष्टी. एक, रस्त्याला लागून ऊस लावू नका, पाच-सात फुटांची पट्टी स्वच्छ ठेवा, म्हणजे चालकाला जनावर आधी दिसेल आणि जनावराला गाडी. दोन, तोड रस्त्याच्या बाजूने सुरू करून आत सरकत जा. म्हणजे आत असलेले जनावर रस्त्यापासून लांब निघेल. उलट केले तर आपणच त्याला रस्त्यावर हाकलतो. चारी बाजूंनी फड पेटवणे तर नकोच. जळीत उसाची कपात होते ती वेगळी, आतली पिल्ले होरपळतात आणि बिथरलेली मादी टोळीवर येते. फडात पिल्ले सापडली तर हात न लावता तोड थांबवा आणि वनखात्याला कळवा.

पोल्ट्रीवाल्या सभासदांना हात जोडून विनंती. मेलेल्या कोंबड्या रस्त्याच्या कडेला टाकू नका. त्यावर कुत्री येतात, कुत्र्यांवर वाघरू येते, आणि वाघरावर कुणाची तरी मोटारसायकल जाते. खड्डा करून पुरा.

धडक झालीच तर

इतके करूनही होणारे होते. तेव्हा काय करायचे?

पहिले, गाडी शक्य तर कडेला घ्या, चारी इशारादिवे लावा. गाडीतच बसा. स्वतःला आणि सोबत्यांना किती लागले ते आधी पाहा. जखमी असेल तर १०८ ला फोन.

दुसरे, वनखात्याचा विनाशुल्क क्रमांक १९२६. हा क्रमांक आजच घरातल्या सगळ्या मोबाईलमध्ये घालून ठेवा. पोलिसांसाठी ११२, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३. कोणत्या गावाची हद्द, किलोमीटरचा दगड किती, जनावर जिवंत आहे की नाही, एवढे नीट सांगा. आम्ही काय केले? पहिला फोन चंदनसारला बहिणीला केला. तिने रडण्याखेरीज काय करावे?

तिसरे, जनावराजवळ जाऊ नका. निपचित पडले म्हणजे मेले असे नव्हे. धडकेने सुन्न झालेले असते, पाच-दहा मिनिटांत उठते आणि भेदरलेले जनावर समोर दिसेल त्याच्यावर जाते. पाणी पाजणे, पोते टाकणे, काठीने हलवून पाहणे, काही नको. सुरक्षित अंतरावरून मागच्या गाड्यांना सावध करा, तेवढे पुष्कळ.

चौथे, गर्दी होऊ देऊ नका. २०२० च्या डिसेंबरमध्ये पुण्यात कोथरूडला एक गवा आला होता. मागे लोकांचा जमाव, आरडाओरडा, मोबाईल. पळून पळून तो गवा शेवटी मेला. त्याला कुणी मारले नाही, माणसांच्या गर्दीने मारले.

पाचवे, जनावराचे काहीही घेऊ नका. मांस नाही, नख नाही, मिशीचा केसही नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहे. असा गुन्हा शाबीत झाला तर किमान ३ वर्षे आणि ७ वर्षांपर्यंत कैद आहे. रस्त्यावर मेलेले डुक्कर "वाया जातंय" म्हणून उचलणाराही गुन्हेगारच ठरतो.

सहावे, दात, नख किंवा सुळा लागला असेल, साधा ओरखडा असला तरी, जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने पंधरा मिनिटे धुवा. हळद, चुना, तंबाखू भरू नका. लगेच सरकारी दवाखाना गाठा. धनुर्वाताचे आणि रेबीजचे इंजेक्शन डॉक्टर सांगतील तितके सगळे घ्या. बरे वाटते म्हणून मध्येच सोडू नका.

सातवे, पंचनामा करून घ्या. गाडीचा नुसता तिसऱ्या पक्षाचा विमा असेल तर गाडीच्या नुकसानीचा पैसा मिळत नाही. सर्वसमावेशक विमा असेल तर मिळतो, पण कंपनीला ताबडतोब कळवावे लागते. हंगामाआधी विम्याचा कागद काढून एकदा वाचा. पुष्कळांना आपला विमा कोणता हेच ठाऊक नसते.

"कळवलं तर आपल्यावरच केस" या भीतीने लोक पळतात. आमचे म्हणणे असे की, कळवणाऱ्यापेक्षा पळणाऱ्याची बाजू नेहमीच लंगडी पडते. शिवाय रस्त्यात पडलेल्या जनावरावर मागची मोटारसायकल आदळली, तर ते पाप कुणाच्या माथी?

रस्ता बांधणाऱ्यांचेही काम

सगळा भार चालकावर टाकून चालणार नाही. विदर्भात पेंचजवळून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गाखाली जनावरांसाठी नऊ मार्ग ठेवले आहेत. वाघांसह कितीतरी जनावरे त्यातून ये-जा करतात, हे कॅमेऱ्यांनी टिपले आहे. समृद्धी महामार्गावरही असे पूल आणि भुयारी मार्ग केले आहेत. तसे नसते तिथे काय होते? २०१७ च्या डिसेंबरमध्ये बोर प्रकल्पाचा 'बाजीराव' वाघ नागपूर-अमरावती महामार्गावर वाहनाखाली मेला. आपल्या भागात एवढे मोठे काम लगेच होणार नाही. पण वारंवार जनावर दिसणाऱ्या ठिकाणी फलक, गतिरोधक, कडेची झाडी साफ करणे, मोरीचे नळे मोकळे ठेवणे, हे ग्रामपंचायतीच्या ठरावाने मागता येते. आपल्या गटात अशी ठिकाणे कोणती, ते सभासदांनी गट कार्यालयातील वहीत लिहून द्यावे. तारीख, वेळ आणि जागा एवढे पुरे. यादी आम्ही बांधकाम व वनखात्याकडे पाठवू, आणि वाहतूक कंत्राटदारांच्या बैठकीत वाचूनही दाखवू.

असो. लेख लांबला. भाच्याचे विचारणारे पुष्कळ आहेत म्हणून सांगतो. पाय आता बरा आहे, चालतो, थोडा लंगडतो. पुढच्या वर्षी त्याने पुन्हा मैदानी चाचणी दिली, वेळेत बसला नाही. आता विरारला एका दुकानात कामाला आहे. आम्हाला कधी एका शब्दाने बोलला नाही. दिवाळीत बहिणीकडे गेलो की तोच गाडी घेऊन स्टेशनवर न्यायला येतो, आणि रस्त्यात कुठे दोन डोळे चमकले की न सांगता थांबतो. आम्ही शेजारी बसून मुकाट्याने आकडे मोजतो.

तुमच्या घरातल्या पोराला आज एवढेच शिकवा. दिसले की थांब, गेले की मोज, आणि पडले तर जवळ जाऊ नको.

हंगाम सर्वांना सुखरूप जावो.

आपला,
ऊस विकास अधिकारी
शेतकी खाते